रुप्याच्या मुलाम्याचीं भांडीं

"मुलामा" या शब्दाला मराठी भाषेंत मुळींच प्रतिष्ठा नाहीं. एखाद्याच्या बोलण्याला गोडव्याचा मुलामा आहे असें म्हटलें कीं त्यांत आंतल्या कडूपणाची सूचना असते. वरून रुपें आणि आंतून पितळ, ही तर आपल्याकडे लबाडीची ठरीव उपमाच होऊन बसली आहे. भाषेंत रुजलेली ही अढी घरांतील भांड्यांनाहि भोंवते, आणि आज मला जें सांगावयाचें आहे तें त्या भांड्यांविषयीं आहे. जुन्या घरांच्या वाटण्या होतात, वाडे पाडावयास निघतात, माळ्यावरच्या पेट्या खालीं येतात. अशा वेळीं प्रत्येक भांड्याला एकच प्रश्न विचारला जातो : हें चांदीचें आहे काय? "होय" असें उत्तर आलें तर तें सराफाच्या तराजूंत जातें, "नाहीं" असें आलें तर मोडीच्या ढिगांत. तें कोठें घडलें, कसें घडलें आणि आपल्या घरीं कसें आलें, हें विचारावयास कोणी थांबत नाहीं.

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या वाटेवर बोरी म्हणून गांव आहे. तेथील एका जुन्या घरच्या फडताळांतून निघालेला पत्र्याचा डबा मला पाहावयास मिळाला. आंत सहा चमचे, एक चहाची किटली, दोन वाट्या आणि काळीठिक्कर पडलेली एक गुलाबदाणी एवढा ऐवज होता. घरच्या मंडळींनीं निवाडा अगोदरच केलेला होता. चमच्यांच्या पाठीवर इवल्याशा ढालींसारखे चार ठसे होते, तेव्हां ते विलायती चांदीचे ठरले. गुलाबदाणीवर कसलीच खूण नव्हती, तेव्हां ती पितळेची समजून मोडीला द्यावयाची होती. वस्तुस्थिति याच्या अगदीं उलट होती. ती कशावरून ओळखावयाची, तें ओघानें येईलच.

विलायती धाटणीचीं भांडीं असल्या गांवांत आलीं कशीं, असा प्रश्न पडणें साहजिक आहे. परंतु मराठवाड्याचा जुना नकाशा डोळ्यांपुढें आणला म्हणजे नवल उरत नाहीं. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या राज्यांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची "हैदराबाद कंटिंजंट" नांवाची फौज ठिकठिकाणीं तळ देऊन असे. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आपलें अंबेजोगाई, आणि बोरीपासून फार दूर नसलेलें हिंगोली, हीं तिचीं ठाणीं. १९०३ सालीं ही फौज हिंदी सैन्यांत विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. जेथें इंग्रज अधिकारी तेथें त्यांचें भोजनगृह, आणि जेथें भोजनगृह तेथें मुलाम्याचा सरंजाम, हें त्या काळचें ठरलेलें समीकरण होतें. अस्सल चांदी तळामागून तळावर हिंडविणें कोणास परवडणार? त्याच सुमारास, १९०० च्या आगेंमागें, मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरीच्या खोऱ्यांतून जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि परभणीचा माणूस मनमाडमार्गें मुंबईशीं जोडला गेला. मुंबईंत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा १८९१ सालीं उघडली होती. तिची इमारत काळ्या घोड्याजवळ अजून उभी आहे. तिच्या जाडजूड सूचीवरून किटल्या, तबकें, काटे, चमचे टपालानें मागवितां येत. इकडे देशमुखाच्या किंवा वकिलाच्या घरीं अव्वल तालुकदार, म्हणजे निजामी राज्यांतील कलेक्टर, पायधूळ झाडणार असला कीं चहा पितळेच्या भांड्यांतून कसा द्यावा, ही अडचण असेच. रुप्याच्या मुलाम्याची किटली ही त्या अडचणींतून निघालेली वाट होय.

आतां हा मुलामा आला कोठून तें पाहूं. इंग्लंडांत शेफील्ड हें सुऱ्या-कात्र्या करणारांचें गांव. तेथील टॉमस बूल्सोव्हर नांवाच्या कारागिराला १७४३ च्या सुमारास असें आढळून आलें कीं तांबें व चांदी एकमेकांवर घट्ट दाबून तापविलीं असतां त्यांच्या सांध्यापाशीं दोन्हीं वितळून एकजीव होतात. सुरीच्या मुठीची दुरुस्ती करतांना ही गोष्ट त्याच्या ध्यानीं आली, असें सांगतात. नवल पुढेंच आहे. अशी जोडलेली लगड रुळांतून काढली असतां तांबें व चांदी सारख्याच प्रमाणांत पसरतात. पत्रा कितीहि पातळ झाला तरी वरची चांदी फाटत नाहीं किंवा सुटत नाहीं. बूल्सोव्हरनें तिच्या गुंड्या केल्या. त्याच गांवच्या जोसेफ हॅनकॉकनें तिचीं मोठीं भांडीं घडविलीं, आणि बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टननें तो धंदा भरभराटीस आणला. मध्यम स्थितींतल्या इंग्रज कुटुंबाच्या मेजावर रुप्याची कांति प्रथम आली ती अशी.

या जुन्या शेफील्डी कामाची एक अडचण होती. पत्रा कापला कीं कांठावर तांबड्या तांब्याची रेघ उघडी पडे. ती झांकण्यासाठीं कांठ आंत वळवीत, अथवा त्यावर चांदीची बारीक तार बसवीत. नांव किंवा कुलचिन्ह कोरावयाचें तर त्याहून कठीण. कोरणीनें वरचा थर कापला कीं खालचें तांबें दिसावयाचें. म्हणून कोरावयाच्या जागीं अस्सल चांदीचा एक तुकडा बेमालूम बसवून देत. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाहीं. पण तबकाच्या मध्यभागीं तोंडाची वाफ सोडा. वाफ उडून जातां जातां त्या तुकड्याची कड क्षणभर निराळ्या छटेनें उमटते. दोन-अडीचशें वर्षांपूर्वींच्या कारागिराची हुशारी आपल्या एका श्वासानें उघडी पडते, यापरता पुराणवस्तूंचा आनंद कोणता असेल?

ठशांची कथा त्याहून बोधप्रद आहे, कारण बोरीचे चमचे याच ठशांमुळें चांदीचे ठरले होते. इंग्लंडांत चांदीचा कस सरकारमान्य कचेरींत तपासून त्यावर खुणा उठविण्याची चाल फार जुनी आहे. उजवा पुढचा पाय उचलून चालणारा सिंह हा हजारांत ९२५ भाग चांदी असल्याचा निर्वाळा. लंडनचें चित्त्याचें मुख, बर्मिंगहॅमचा नांगर, शेफील्डचा मुकुट (याच्या जागीं १९७५ पासून गुलाब आला), या तपासणीच्या गांवांच्या खुणा. मुलाम्याच्या मालावर चांदीसारखे ठसे उठवून गिऱ्हाइकाला चकविणें सुरू झालें, तेव्हां १७७३ च्या कायद्यानें त्यास बंदी केली. पुढें १७८४ सालीं शेफील्डच्या शंभर मैलांच्या आंतील मुलामेकारांना आपलें नांव व चिन्ह नोंदवून तें उठविण्याची मोकळीक मिळाली. कायद्याची अक्षरें पाळून त्याचा हेतु मोडण्यांत व्यापारी सगळीकडे सारखेच चतुर असतात. एकोणिसाव्या शतकांतील कारखान्यांनीं ई, पी, एन, एस हीं चार इंग्रजी अक्षरें चार निरनिराळ्या ढालींत अशा ऐटीनें बसविलीं कीं घाईनें पाहणाराला तीं चांदीचीच छाप वाटावी. त्या चार अक्षरांचा अर्थ इतकाच : निकलमिश्रित धातूवर विजेनें चढविलेला मुलामा. बोरीच्या चमच्यांवर हींच चार अक्षरें होतीं. कारखान्यांच्या स्वतःच्या खुणाहि असत. वॉकर अँड हॉल यांचा फडकता ध्वज आणि जेम्स डिक्सन यांची तुतारी या भिंग लावून पाहिल्यास सहज ओळखूं येतात. पहिल्या प्रतीचा म्हणून जो "ए वन" असा शिक्का असतो तो मुलाम्याच्या जाडीविषयीं कारखान्यानें आपणच दिलेली ग्वाही होय. चांदीच्या कसाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

विजेच्या मुलाम्याची वाट व्होल्टाच्या १८०० सालच्या विद्युत्घटानें मोकळी केली. पांच वर्षांनीं इटलींत ब्रुग्नातेल्ली यानें विजेच्या योगें सोन्याचा मुलामा देऊन दाखविला, परंतु व्यापाराच्या उपयोगीं पडेल असा टिकाऊ थर कांहीं केल्या बसेना. बर्मिंगहॅमच्या जॉन राइट नांवाच्या शस्त्रवैद्यानें पोटॅशियम सायनाइडचें द्रावण वापरून ती खोंच दूर केली, आणि एल्किंग्टन बंधूंनीं १८४० सालीं त्याचें पेटंट घेतलें. द्रावणांत एका बाजूस चांदीची पट्टी व दुसऱ्या बाजूस घडवून तयार झालेलें भांडें टांगावयाचें. वीज वाहूं लागली कीं पट्टीची चांदी झिजून भांड्यावर बसते. यापूर्वीं सोन्या-रुप्याचा पाऱ्यांत लगदा करून तो भांड्याला फांसीत व विस्तवावर धरून पारा उडवून देत; त्या धुरानें कित्येक कारागिरांचे बळी घेतले होते. सायनाइडहि जहालच विष, पण पाऱ्याच्या धुराप्रमाणें तें दररोज माणसाच्या छातींत शिरत नसे. १८५० नंतर जुना शेफील्डी धंदा जवळजवळ आटोपलाच.

मुलाम्याखालीं असणारा धातु बहुधा "जर्मन सिल्व्हर" असे. आपल्या घरांत या नांवाचीं भांडीं मुलाम्यावांचूनहि वापरलीं जात. त्यांत चांदीचा कणहि नसतो हें मात्र कित्येकांना ठाऊक नसतें. तांबें, निकल व जस्त यांचें तें मिश्रण आहे. चिनी लोक असला धातु फार पूर्वींपासून करीत. १८२० नंतरच्या दशकांत जर्मन कारागिरांनीं त्याची कृति साधली, म्हणून जर्मनीचें नांव त्याला चिकटलें.

पाश्चात्यांच्या या हिकमतींपूर्वीं दक्षिणेंत रुप्याचा पृष्ठभाग देण्याची कला नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. आपल्याकडील देवांचे मुखवटे आणि देवळांचे दरवाजे चांदीच्या पत्र्यानें मढविलेले असतात. तेथें मुलामा नाहीं, पांघरूण आहे. पत्र्याचा सांधा किंवा खिळ्यांची ओळ सांपडली कीं ओळख पटली. बिदरी काम त्याहून निराळें. जस्तांत थोडेंसें तांबें मिसळून भांडें ओततात, त्यावर नक्षी कोरतात, कोरलेल्या खांचेंत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात, आणि शेवटीं बिदरच्या किल्ल्यांतील माती व नवसागर यांच्या योगानें जमीन काळी करतात. चांदी तेवढी पांढरी राहते. बिदर जिल्हा १९५६ पर्यंत परभणीप्रमाणेंच हैदराबाद राज्यांत होता, आणि उदगीर, निलंगा हे मराठी तालुके त्यांत मोडत. तेव्हां या भागांतील जुन्या घरांत बिदरी पानदान अथवा हुक्क्याचें बूड सांपडणें यांत आश्चर्य नाहीं. हैदराबादेस १९५१ सालीं उघडलेल्या सालारजंग संग्रहालयांत या कलेचे उत्तम नमुने आहेत. सांगावयाचें तें इतकेंच कीं बिदरी भांड्याचा काळेपणा हा मळ नव्हे. काळा रंग हीच त्याची अर्धी शोभा, आणि चिंचेच्या एका घासणीनें ती कायमची उतरते.

ओळख पटविण्यास आरंभ ठशांपासून न करतां झिजेपासून करावा, असें माझें मत आहे. ठसा खोटा असूं शकतो, झीज खोटी नसते. चमचा मेजावर जेथें टेकतो तो पाठीचा फुगवटा, वाटीचा कांठ व बूड, किटलीच्या झांकणाची बोंडी, या जागा उजेडांत धरून पाहाव्या. अस्सल चांदी झिजली तरी चांदीच दिसते. मुलामा झिजला कीं खालून तांबूस छटा डोकावली तर तांबें, पिवळसर-करडी डोकावली तर जर्मन सिल्व्हर. बोरीच्या सहाहि चमच्यांच्या पाठीवर ही करडी छटा होती आणि एका वाटीच्या कांठावर तांब्याची लाली होती. गुलाबदाणीचें बूड मात्र कित्येक वर्षांच्या वापरानें झिजूनहि आंतून बाहेरून एकाच रंगाचें होतें. गांवच्या सोनारानें घडविलेल्या चांदीवर पूर्वीं खूण करण्याची सक्तीच नव्हती. भारतीय मानक संस्थेची चांदीची छाप सुरू झाली ती २००५ सालीं. तेव्हां आजीच्या गुलाबदाणीवर ठसा नाहीं म्हणून ती पितळेची, हा तर्क टिकत नाहीं.

शंका राहिलीच तर आर्किमिडीजचा जुना उपाय आहे, आणि स्वयंपाकघरांतील बारीक काटा त्याला पुरतो. भांडें आधीं हवेंत तोलावें, मग दोऱ्यानें टांगून पूर्ण पाण्यांत बुडवून तोलावें. समजा, हवेंत २१० ग्रॅम भरलेली वस्तु पाण्यांत १९० ग्रॅम भरली. घट झाली २० ग्रॅमची, आणि २१० ला २० नीं भागलें असतां साडेदहा येतात. चांदीची घनता तेवढीच. तीच वस्तु पाण्यांत १८६ भरली असती तर भागाकार पावणेनऊच्या घरांत आला असता, म्हणजे जर्मन सिल्व्हर किंवा तांबें. ज्या मुठींत लाख भरलेली असते किंवा हवा कोंडलेली असते तेथें हा हिशेब फसतो. लोहचुंबकावर तर मुळींच भरंवसा ठेवूं नये; चांदीलाहि तो धरीत नाहीं आणि जर्मन सिल्व्हरलाहि नाहीं.

सराफाची कसोटी सोन्यासाठीं उत्तम, पण मुलाम्याच्या भांड्याचा कांठ दगडावर घासला म्हणजे जो थर ओळखावयाचा तोच आपण खरवडून काढतों. तेजाबाचा थेंब तर भांड्यावर कायमचा डाग ठेवतो. हल्लीं पुष्कळ दुकानांत क्ष-किरणांचें यंत्र असतें व त्याचा आंकडा लोकांना देववाणीसारखा वाटतो. परंतु हे किरण पृष्ठभागाच्या अगदीं वरच्या सूक्ष्म थराचीच वार्ता आणतात. मुलामा जाड असला तर यंत्र खुशाल चांदी म्हणून सांगेल. झिजलेल्या जागीं त्याची परीक्षा पुन्हां करावयास सांगावें.

आतां निगेविषयीं. आपल्या घरांत भांडें घासण्याचें जें शास्त्र आहे तें तांब्या-पितळेचें शास्त्र आहे : चिंचेचा कोळ, राख, रांगोळी आणि नारळाची शेंडी. तांब्याच्या घागरीला तें शोभतें, कारण ती आरपार तांब्याचीच आहे. थोडें झिजलें तर बिघडत नाहीं. पितळी पातेल्याची कल्हई उडाली तर कल्हईवाला नवसागर टाकून पुन्हां करून देतो, आणि ती वरचेवर करावयाचीच असते. रुप्याच्या मुलाम्याला मात्र आपण हाच न्याय लावतों आणि तेथें घात होतो. उत्तम प्रतीचा मुलामाहि केंसाच्या जाडीपेक्षां पातळ असतो. राखेचा प्रत्येक हात त्यांतील कांहीं भाग घेऊन जातो. दंतमंजन व विभूति हीं आपल्याला सौम्य वाटतात, पण त्यांतहि खरखरीत कण असतातच. लिंबू आणि मीठ एकत्र करून घासणें तर सर्वांत वाईट. मिठानें रुपें खातें आणि आंबटानें उघडें पडलेलें तांबें कळकतें. दिवाळीच्या तोंडावर सगळीं भांडीं एकाच परातींत टाकून घासण्याची आपली हौस या मुलाम्याला दर वर्षीं थोडी थोडी उतरवीत आली आहे.

चांदीवर येणारा काळिमा हा हवेंतील गंधकयुक्त वायूचा परिणाम आहे. अंड्यानें चमचा काळा पडतो तो याच कारणानें. रबर आणि लोंकर यांच्या सहवासांतहि तेंच घडतें. या काळ्या थरांत भांड्याचीच चांदी गुंतलेली असते. घासून तो काढला तर ती चांदी मोरींतून वाहून जाते. रासायनिक रीतीनें तो फोडला तर चांदी भांड्यावरच राहते. यासाठीं एका पसरट भांड्यांत ॲल्युमिनियमचा पातळ कागद अंथरावा, त्यावर वस्तु टेकवावी, चमचाभर खाण्याचा सोडा घालून वर कढत पाणी ओतावें. कांहीं क्षणांत कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि काळिमा फिका होऊं लागतो. लगेच काढून स्वच्छ पाण्यानें धुवावें व मऊ जुन्या सुती कापडानें कोरडें करावें. हा उपाय दर आठवड्याचा नव्हे. कोरीव नक्षीच्या खोलगट भागांत कारागिरानें मुद्दाम राखलेली काळी छटाहि यानें निघून जाते. लाख भरलेल्या मुठी, चिकटविलेले सांधे आणि बिदरी काम यांना तर हा उपाय करूंच नये. बाजारांत बाटलींतून मिळणारें बुडवावयाचें औषध मी घरांत ठेवीत नाहीं. त्यांत आम्ल असतें, तें सांध्यांत मुरतें आणि खालच्या धातूला खातें.

पुन्हां मुलामा द्यावा कीं न द्यावा, या प्रश्नावर जाणत्यांतहि मतभेद आहेत. रोजच्या वापरांतली वाटी असेल व तिची कसली खूण राखावयाची नसेल तर खुशाल द्यावा. तांबें उघडें पडलेल्या वाटींत ताक, लोणचें किंवा आमटी ठेवण्यापेक्षां तें बरें. तोंपर्यंत अशा वाटींत सुकामेवा अथवा सुपारी ठेवण्यास हरकत नाहीं. परंतु जुन्या शेफील्डी कामावर विजेचा थर चढविणें हा मी अपराध समजतों. विजेनें बसणारी चांदी शुद्ध, म्हणून थंड पांढरी दिसते. जुन्या पत्र्याच्या मिश्र चांदींत किंचित् ऊब असते, ती तिच्याखालीं लोपते. शिवाय मुलामा देणारा आधीं चाकावर भांडें चकचकीत करतो, आणि त्या चाकाखालीं ठसे, कोरलेलें नांव, वाफेनें दिसणारा तो गुप्त तुकडा, सारें पुसटून जातें. तांब्याची लाली दिसत असलेलें जुनें तबक तसेंच ठेवणें बरें.

वापर थांबला कीं काळिमा वाढतो, हा अनुभव पुष्कळांचा आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गुलाबदाणी व अत्तरदाणी बाहेर काढाव्या, पाहुण्यांना चहा त्याच किटलींतून द्यावा, आणि काम संपतांच कोमट पाणी व सौम्य साबण यांनीं धुवून टाकावें. गुलाबपाणी आंत राहूं देऊं नये. चटणी-मीठ वाढावयाचें तर वाटींत कांचेची वाटी बसवावी. ठेवतांना प्रत्येक वस्तु धुतलेल्या, खळ न दिलेल्या सुती कापडांत निराळी गुंडाळावी. रबराचा बंद लावूं नये, लोंकरीचें अस्तर नको, आणि भांड्याला चिकटेल असें प्लॅस्टिक तर नकोच, कारण पावसाळ्यांतील ओल त्याच्या आंत कोंडून राहते. डब्यांत खडूच्या दोनचार कांड्या ठेवाव्या, त्या दमटपणा शोषतात. वर्षांतून एकदां उन्हांत वाळवून पुन्हां ठेवाव्या. त्याच डब्यांत एक चिठ्ठीहि असावी : ही किटली कोणी आणली, कोणत्या सालीं, कोणाच्या लग्नांत कीं कोणत्या लिलावांत, घरांतील वडील माणसांना जें आठवत असेल तें. चिठ्ठी पेन्सिलीनें लिहावी. शाई दमट हवेंत पसरते.